संकटकाळात सत्याची अमानत : हाफिज इब्ने हजर अस्कलानी (रह.)



हदीसच्या अभ्यासाशी ज्यांचा थोडासाही संबंध आला आहे, त्यांना हाफिज इब्ने हजर अस्कलानी (रह.) हे नाव अपरिचित नाही. ‘सहीह बुखारी’वरील त्यांचे विस्तृत भाष्य ‘फत्हुल बारी’ आजही विद्वानांच्या हाती असते, आणि ‘बुलूगुल मराम’ हा त्यांचा छोटेखानी हदीससंग्रह तर अनेक घरांतल्या कपाटात आढळतो. मात्र हे थोर मुहद्दिस तितकेच थोर इतिहासकार होते, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. आपल्या काळातील राजवटी, सत्तांतरे, दुष्काळ आणि महामाऱ्या यांची वर्षवार नोंद त्यांनी आयुष्यभर ठेवली. प्लेगच्या साथीवर त्यांनी एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ हाती घेतला त्या वर्षी त्यांच्या दोन मुली प्लेगने गेल्या होत्या, आणि तो पूर्ण केला त्या वर्षी तिसरी गेली.

दुःखाने मन विदीर्ण झालेले असताना माणूस जे लिहितो, त्यात अतिशयोक्ती शिरणे स्वाभाविक असते. इब्ने हजर (रह.) यांनी ती शिरू दिली नाही. त्यांच्या जीवनातून आपण काय घ्यावे, याचे उत्तर बहुतांशी या एकाच गोष्टीत सामावलेले आहे. म्हणून त्यांचे चरित्र आज या दृष्टीने आपल्यासमोर ठेवीत आहे.

अनाथ बालक

त्यांचे मूळ नाव अहमद, पित्याचे नाव अली आणि उपाधी शहाबुद्दीन. त्यांचे पूर्वज पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरील अस्कलान या नगराचे, म्हणून ते अस्कलानी म्हणवले गेले. जन्म मात्र इजिप्तमधला. हिजरी ७७३ च्या शाबान महिन्यात, म्हणजे इ. स. १३७२ च्या प्रारंभी, नाईल नदीच्या काठी जुन्या कैरोत ते जन्मले. त्या वेळी इजिप्त व सीरियावर मम्लूक सुलतानांची सत्ता होती आणि कैरो हे इस्लामी जगातील विद्येचे सर्वांत मोठे केंद्र बनले होते.

बालपण सुखाचे नव्हते. आई लवकर निवर्तली. वडील विद्वान होते, कविता करीत, व्यापारही करीत. पण मुलगा चार-पाच वर्षांचा असतानाच तेही अल्लाहच्या भेटीस गेले. त्यांच्या इच्छेनुसार जकीयुद्दीन अल-खर्रूबी नावाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने या बालकाचा सांभाळ केला. घरात मायेची सावली होती ती थोरल्या बहिणीची. ती स्वतः शिकलेली होती. आईनंतर हीच माझी आई, अशा शब्दांत पुढे इब्ने हजर (रह.) तिची आठवण काढीत.

वयाच्या नवव्या वर्षी त्यांनी दिव्य कुरआन कंठस्थ केला. बाराव्या वर्षी पालकांसोबत मक्केत असताना तरावीहच्या नमाजचे नेतृत्व करण्याचा मान त्यांना मिळाला. एवढ्या लहान मुलामागे हरमच्या पवित्र भूमीत लोक उभे राहिले, यावरून त्याच्या पाठांतराची कीर्ती कशी असेल याची कल्पना आपण करू शकता. पण पालकही फार काळ राहिले नाहीत. मुलगा चौदा वर्षांचा असताना खर्रूबी यांचे निधन झाले. आई, वडील आणि पालक असे तीन आधार गमावूनच त्यांनी तारुण्यात पाऊल ठेवले.

विद्येसाठी भ्रमंती

पंचविशीच्या सुमारास त्यांनी हदीसविद्येला स्वतःला वाहून घेतले. कैरोतील जैनुद्दीन अल-इराकी हे त्या काळचे अग्रगण्य मुहद्दिस. त्यांच्याजवळ इब्ने हजर (रह.) सुमारे दहा वर्षे राहिले. सिराजुद्दीन बुल्कीनी आणि इब्नुल मुलक्किन हेही त्यांचे गुरुजन. इब्ने खल्दून यांच्यासारखा इतिहासाचा तत्त्वज्ञ त्याच काळात कैरोत वास्तव्यास होता. त्यांच्याशीही भेटीगाठी होत.

त्या काळी विद्या पुस्तक विकत घेऊन मिळत नसे. ज्याने ती गुरूच्या मुखातून ऐकली आहे, त्याच्यापर्यंत पायी, उंटावरून वा जहाजातून पोहोचावे लागे. इब्ने हजर (रह.) हिजाजला गेले, येमेनला दोनदा गेले. येमेनच्या पहिल्या प्रवासात जबीद येथे ‘अल-कामूस’ या सुप्रसिद्ध अरबी कोशाचे कर्ते फिरोजाबादी त्यांना भेटले. दुसऱ्या प्रवासात, हिजरी ८०६ मध्ये, त्यांचे जहाज फुटले. सामान गेले, पैसा गेला आणि स्वतःच्या हाताने लिहून काढलेली पुस्तकेही समुद्राच्या तळाशी गेली. वर्षानुवर्षांची मेहनत एका दिवसात बुडाली. ते कैरोला परतले आणि पुन्हा लिहायला बसले.

हिजरी ८०२ च्या रमजानमध्ये, इ. स. १४०० साली, ते दमास्कसला पोहोचले. तेथे ते शंभर दिवस राहिले. त्या शंभर दिवसांत त्यांनी जे वाचले व ऐकले, त्याची यादी पाहिली तर आजचा विद्यार्थी चकित होईल. त्यांच्या तेथील गुरुजनांत वयोवृद्ध विदुषीही होत्या. त्यांपैकी आयेशा बिन्त अब्दुल हादी या ‘सहीह बुखारी’च्या एका अत्यंत निकटच्या सनदेच्या शेवटच्या वाहक मानल्या जात. पुढल्या वर्षाच्या आरंभी इब्ने हजर (रह.) कैरोला परतले आणि काही महिन्यांतच तैमूरच्या फौजा दमास्कसवर कोसळल्या. शहर लुटले गेले, जाळले गेले, कारागीर व विद्वान कैद करून नेले गेले. थोडा उशीर झाला असता तर ते ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नसते. ज्ञान किती नाजूक धाग्याने लटकलेले असते, हे त्यांनी तरुण वयातच पाहिले. जे पाहिले, ऐकले ते तत्काळ व अचूक लिहून ठेवले पाहिजे, हा त्यांच्या मनावरचा ठसा येथूनच खोल होत गेला असावा.

इतिहासाला हदीसची कसोटी

आपणास माहीत आहे की हदीसविद्येचा पाया सनद हा आहे. कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, ते दोघे कधी भेटले होते का, सांगणारा सत्यवचनी होता का, त्याची स्मरणशक्ती शाबूत होती का, हे प्रश्न विचारल्याशिवाय मुहद्दिस कोणतेही कथन स्वीकारीत नाही. इब्ने हजर (रह.) यांनी हीच शिस्त इतिहासात आणली.

‘इंबाउल गुम्र’ हा त्यांचा इतिहासग्रंथ त्यांच्या जन्मवर्षापासून, हिजरी ७७३ पासून, सुरू होतो आणि ८५० पर्यंत येतो. प्रत्येक वर्षाच्या घटना आधी आणि त्या वर्षी मरण पावलेल्या व्यक्तींची चरित्रे नंतर, अशी त्याची रचना आहे. सुलतानांचे राज्यारोहण व पदच्युती, अमिरांची बंडे, धान्याचे भाव, नाईलच्या पुराची पातळी, रोगराई, आगी, सारे काही त्यात येते. प्रस्तावनेत त्यांनी आपली साधने स्पष्ट केली आहेत : जे स्वतः पाहिले, जे विश्वासू माणसाकडून ऐकले किंवा जे विश्वासू माणसाच्या हस्ताक्षरात वाचले, तेवढेच त्यांनी घेतले. ज्या समकालीनांच्या ग्रंथांचा आधार घेतला त्यांची नावे दिली, आणि ज्याच्या लेखनात दुसऱ्याच्या चुकाही तशाच उतरल्या होत्या, त्याविषयी तेही नोंदवून ठेवले.

हा शेवटचा उल्लेख बद्रुद्दीन अल-ऐनी यांच्यासंबंधी आहे. ऐनी हे हनफी पंथाचे मोठे विद्वान, ‘सहीह बुखारी’चेच दुसरे भाष्यकार आणि इब्ने हजर (रह.) यांचे प्रतिस्पर्धी. या दोघांतील चकमकीचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. हिजरी ८२१ मध्ये कैरोतील मुअय्यद मशिदीचा नवा मिनार कलला आणि तो पाडावा लागला. अरबीत ‘ऐन’ म्हणजे डोळा, आणि ‘हजर’ म्हणजे दगड. मिनाराला ‘ऐन’ म्हणजे नजर लागली, असा श्लेष साधून इब्ने हजर (रह.) यांनी दोन ओळी रचल्या. ऐनींच्या बाजूने उत्तर आले की नजरेचा काही संबंध नाही, ‘हजर’ म्हणजे दगडच निकृष्ट होता! कैरोने दोन्हीची मजा लुटली. आपण मात्र एवढे लक्षात घ्या की ज्या माणसाशी असा वाद होता, त्याच्या इतिहासग्रंथाचाही त्यांनी उपयोग केला आणि तो केल्याचे उघडपणे लिहिले. मतभेद वेगळा आणि साक्ष वेगळी, हा भेद त्यांनी पाळला.

हिजरी आठव्या शतकातील नामवंतांचा ‘अद्-दुररुल कामिना’ हा त्यांचा चरित्रकोश आहे. त्यात पाच हजारांच्या आसपास स्त्री-पुरुषांची चरित्रे आहेत. सहाबांच्या चरित्रांचा ‘अल-इसाबा’ हा कोश तर याहूनही मोठा. इजिप्तच्या काझींवर त्यांनी वेगळे पुस्तक लिहिले. राजकारण त्यांनी दुरून पाहिले नव्हते. हिजरी ८२७ मध्ये, इ. स. १४२४ च्या सुमारास, ते शाफिई पंथाचे मुख्य काझी झाले आणि वर्षाच्या आत पदावरून दूरही झाले. पुन्हा नेमणूक, पुन्हा बडतर्फी, असे अनेकदा घडत एकंदर सुमारे एकवीस वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. हे पद स्वीकारल्याचा पश्चात्ताप त्यांना पुढे होत असे. सत्तेच्या जवळ जाणाऱ्याला काय मोजावे लागते, हे त्यांनी स्वतःवरून ताडले होते.

घर आणि मुली

आता त्यांच्या घरात डोकावू या. हिजरी ७९८ मध्ये उन्स खातून यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उन्स या लष्करी खात्याच्या एका उच्चाधिकाऱ्याच्या कन्या. पतीने त्यांना विद्येपासून दूर ठेवले नाही. आपले गुरू अल-इराकी यांच्याकडून त्यांना हदीस ऐकवली, अनेक विद्वानांच्या इजाजती मिळवून दिल्या. पुढे उन्स स्वतः हदीस शिकवू लागल्या. पतीचे शिष्य त्यांच्यासमोर बसून ‘सहीह बुखारी’चे वाचन करीत आणि समाप्तीच्या दिवशी त्या सर्वांना मिठाई व सुका मेवा वाटीत. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका मुस्लिम घरातले हे दृश्य आहे. मुलींच्या शिक्षणाविषयी ज्यांच्या मनात आजही संकोच आहे, त्यांनी ते अवश्य डोळ्यांपुढे आणावे.

या दांपत्याला पाच मुली झाल्या : जैन खातून, फरहा, आलिया, राबिया आणि फातिमा. मुलींच्या बालपणीच पित्याने थोर मुहद्दिसांकडून त्यांच्यासाठी इजाजती घेतल्या. हिजरी ८१७ मध्ये ‘फत्हुल बारी’च्या लेखनास प्रारंभ झाला. घर मुलींनी भरलेले होते आणि आयुष्यातील सर्वांत मोठे काम हाती आले होते.

दोनच वर्षांनी, हिजरी ८१९ मध्ये, म्हणजे इ. स. १४१६ च्या सुमारास, कैरोत प्लेगची साथ आली. आलिया आणि फातिमा या दोघी त्यात गेल्या. आलिया बारा वर्षांची होती. फातिमा तर अगदी लहान होती.

महामारीवरील ग्रंथ

पित्याने लेखणी उचलली. प्लेगविषयी लोक नाना गोष्टी बोलत होते. कोणी साथीतून पळून जावे म्हणे, कोणी अमुक दुआ अमुक वेळा म्हणावी असे सांगे, कोणी स्वप्नांचे दाखले देई. यांतले प्रेषित (स.) यांच्याकडून खरोखर काय आले आहे आणि लोकांनी मागाहून काय जोडले आहे, हे निवडून काढण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. ग्रंथाचे नाव त्यांनी ‘बज्लुल माऊन फी फज्लित् ताऊन’ असे ठेवले. ‘माऊन’ म्हणजे शेजाऱ्याला उपयोगी पडणारी लहानशी वस्तू, लहानशी मदत. आपल्या या परिश्रमाला त्यांनी एवढेच नाव दिले.

ग्रंथाची पाच प्रकरणे आहेत : प्लेगचा उगम, त्याची व्याख्या, त्यात मरणाऱ्याला मिळणारा शहीदाचा दर्जा, साथीच्या प्रदेशात जाण्या-येण्याचे नियम आणि साथ आल्यावर काय करावे. शेवटी इस्लामी इतिहासातील प्लेगच्या साथींची कालानुक्रमे नोंद आहे.

व्याख्येच्या प्रकरणात त्यांची काटेकोर वृत्ती दिसून येते. ‘वबा’ म्हणजे कोणतीही साथ, आणि ‘ताऊन’ म्हणजे बगलेत वा जांघेत गाठ येऊन होणारा विशिष्ट रोग. प्रत्येक ताऊन ही वबा असते, पण प्रत्येक वबा ताऊन नसते. हा शब्दच्छल आहे असे आपणास वाटेल; परंतु मदीनेत ताऊन शिरणार नाही, असे सहीह हदीसमध्ये आले आहे, आणि हिजरतनंतर मदीनेत तापाची साथ होती व खुद्द हजरत अबू बकर (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) तिने आजारी पडले होते, हेही सहीह हदीसमध्येच आले आहे. दोन शब्दांची गल्लत केली की दोन सत्य कथने एकमेकांविरुद्ध उभी राहतात. भेद ओळखला की दोन्ही आपापल्या जागी खरी ठरतात. संकटात शब्द ढिले वापरले की श्रद्धाही डळमळते, म्हणून त्यांनी आधी शब्द घट्ट केले.

जाण्या-येण्याच्या प्रकरणात हिजरी १८ च्या अमवासच्या प्लेगचा विस्तृत विचार आहे. हजरत उमर (रजि.) सीरियाकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना साथीची बातमी कळली. त्यांनी मुहाजिरांशी, अन्सारांशी आणि कुरैशच्या वडीलधाऱ्यांशी सल्लामसलत केली व परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी, हे अल्लाहने ठरवलेल्या नियतीपासून पळणे होत नाही काय, अशी शंका काढली. एका नियतीकडून दुसऱ्या नियतीकडे जाण्यात पलायन नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये, व आपण असलेल्या प्रदेशात साथ आली तर पळून जाऊ नये, ही प्रेषित (स.) यांची शिकवण त्यांनी सांगितली. हजरत उमर (रजि.) यांचा निर्णय तिच्याशी जुळला. या प्रसंगातील प्रत्येक कथनाची सनद इब्ने हजर (रह.) तपासतात आणि मगच नियम मांडतात.

साथीचा हिशेब

ग्रंथ बराच काळ अपुरा राहिला. दरम्यान फरहा हिजरी ८२८ मध्ये आणि राबिया ८३२ मध्ये मृत्यू पावली. पाचांपैकी एकटी जैन खातून उरली होती.

हिजरी ८३३ मध्ये, इ. स. १४३० च्या प्रारंभी, कैरोत पुन्हा भयंकर साथ आली. रबीउल आखिर महिन्याच्या २७ तारखेला तिचा प्रादुर्भाव दिसला, तेव्हा दररोज मरणाऱ्यांची संख्या चाळीसहून कमी होती. लोकांनी तीन दिवस रोजे ठेवले आणि जमादिल अव्वलच्या ४ तारखेला, पावसाच्या दुआसाठी जमतात तसे, शहराबाहेर वाळवंटात मोठ्या संख्येने एकत्र जमले. दुआ केली, काही वेळ थांबले आणि परतले. तो महिना सरण्यापूर्वीच कैरोत दररोज हजाराहून अधिक माणसे मरू लागली, आणि आकडा त्यानंतरही वाढला.

हे सारे इब्ने हजर (रह.) यांनी लिहून ठेवले आहे. हिजरी ७४९ च्या महासाथीत दमास्कसमध्ये असाच मेळावा भरला होता आणि त्यानंतर साथ अधिकच वाढली होती, ही जुनी नोंदही त्यांनी शेजारी मांडली. त्यांचे प्रतिपादन असे की, अशा रीतीने बाहेर जमून दुआ करणे शरीअतचा आदेश असता, तर अमवासच्या वेळी सहाबांनी ते केले असते. तसे केल्याचे कोठेही आलेले नाही. एकट्याने, आपल्या घरी, विनम्रपणे दुआ करण्यास त्यांची ना नव्हती.

येथे थोडे थांबून विचार करा. दुआसाठी जमलेले लोक पापी नव्हते. त्यांचा हेतू शुद्ध होता, डोळ्यांत अश्रू होते. अशा मेळाव्यानंतर मृत्यू वाढले, हे लिहिणे कोणत्याही धर्मनिष्ठ लेखकाला जड जावे. ही गोष्ट वगळली असती, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु संख्या त्यांनी पाहिली होती आणि पाहिलेली साक्ष दडवणे म्हणजे अमानतीत खयानत, हे ते जाणून होते. दिव्य कुरआनने बातमीची शहानिशा करण्याचा आदेश दिला आहे, आणि साक्ष लपवण्यापासून रोखले आहे. या दोन्ही आज्ञा आपल्या गैरसोयीच्या वेळीच खऱ्या अर्थाने लागू होतात.

याच वर्षी जैन खातूनही प्लेगने गेली. ती तेव्हा गरोदर होती. हदीसनुसार प्लेगने मरणारा शहीद आहे आणि गरोदरपणी मृत्यू पावणारी स्त्रीही शहीद आहे. तेव्हा तिच्या वाट्याला दुहेरी दर्जा आला, असे तिच्याविषयी म्हटले गेले. पित्याने त्याच वर्षी ग्रंथ पूर्ण केला. ज्या प्रकरणात शहीदाचा दर्जा मिळण्याच्या अटी, म्हणजे सबर, अल्लाहवरील भरवसा आणि मोबदल्याची आशा, त्यांनी तपासल्या, ते प्रकरण लिहिणाऱ्याच्या घरात त्या अटींची कसोटी लागत होती. तरीही त्या प्रकरणात दुर्बल हदीसला दुर्बलच म्हटले आहे. शोकाकुल पित्याला दिलासा देणारे कथन हाताशी असताना त्याची सनद कच्ची आहे असे लिहून पुढे जाणे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

कारण आणि नोंद

इब्ने हजर (रह.) यांच्या सर्वच मतांना काळाने दुजोरा दिला असे नाही. रोग एकापासून दुसऱ्याला आपोआप लागतो हे मत त्यांनी स्वीकारले नाही. हदीसमधील वर्णनाच्या आधारे ते प्लेगचे मूळ जिन्नांच्या अदृश्य आघातात पाहत आणि दूषित हवेचा वैद्यांचा सिद्धान्त खोडून काढीत. त्यांच्या आधी ग्रॅनडाचे मंत्री व विद्वान इब्नुल खतीब यांनी निरीक्षणाच्या आधारे संसर्ग सत्य असल्याचे लिहिले होते. म्हणजे मुस्लिम विद्वानांत या प्रश्नावर तेव्हाही मतभेद होते. प्लेगचा जंतू सापडला तो १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत. दोनच वर्षांनी ती साथ मुंबईत आली, १८९७ मध्ये पुण्यात पसरली, आणि आपल्या पणजोबांच्या पिढीने घरे सोडून माळावरच्या झोपड्यांत दिवस काढले. उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवा यांचा या रोगाशी असलेला संबंध त्याच सुमारास उलगडला.

यातूनही एक शिकवण मिळते. कारणाविषयीचे मनुष्याचे मत बदलू शकते. प्रामाणिक नोंद मात्र शतकानुशतके उपयोगी पडते. इब्ने हजर (रह.) यांनी आपल्या मताला सोयीचे तेवढेच आकडे लिहिले असते, तर आज त्यांच्या ग्रंथाला इतिहासाचे साधन म्हणून किंमत राहिली नसती. त्यांनी तारीख, ठिकाण आणि संख्या जशीच्या तशी ठेवली, म्हणून त्यांच्याहून वेगळे मत असणाराही त्या नोंदीवर विश्वास ठेवू शकतो. २०२० च्या साथीत मशिदी बंद झाल्या आणि आपण घरीच नमाज अदा करू लागलो, तेव्हा जगभर अनेकांनी कैरोच्या त्या मेळाव्याची नोंद पुन्हा उघडून वाचली.

अखेरची वर्षे

हिजरी ८३३ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात राहते. हेरातहून तैमूरचा पुत्र सुलतान शाहरुख याने आपल्या दूताकरवी ‘फत्हुल बारी’ची प्रत मागवली. तोवर ग्रंथ पूर्ण झाला नव्हता. तयार झालेला भाग पाठवण्यात आला. ज्याच्या पित्याने दमास्कस जाळले, त्याला दमास्कसच्या विद्वानांकडून उचललेल्या ज्ञानाची गरज पडली. तलवारीने जिंकलेले वारसांत वाटले जाते आणि संपते. लेखणीने सांभाळलेले शत्रूच्या घरीही मागून नेले जाते.

‘फत्हुल बारी’ हिजरी ८४२ मध्ये पूर्ण झाला. पंचवीस वर्षे लागली. दर आठवड्याला शिष्य जमत, लिहिलेला भाग वाचला जाई, तपासला जाई, शंका घेतल्या जात, मगच तो पक्का होई. पूर्तीनिमित्त कैरोबाहेर मोठी मेजवानी झाली; तिला पाचशे दीनार खर्च आला. पाचही मुलींपैकी ती पाहायला कोणी उरली नव्हती. पुत्र बद्रुद्दीन होते, उन्स खातून होत्या आणि जैन खातूनचा मुलगा यूसुफ होता, जो पुढे आजोबांच्या मार्गाने विद्वान झाला.

हिजरी ८५२ च्या जिल्हज्जच्या अखेरीस, इ. स. १४४९ च्या फेब्रुवारीत, इब्ने हजर (रह.) यांनी जगाचा निरोप घेतला. जनाजाला कैरो लोटले. सुलतान जक्मकही उपस्थित होता. कराफाच्या कब्रस्तानात त्यांचे दफन झाले. शिष्य सखावी यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. गुरूंनी हजारो माणसांची चरित्रे जपली होती, त्यांचे चरित्र शिष्याने जपले.

वाचकहो, संकटे आपल्याही वाट्याला येतात. पूर येतो, साथ येते, दंगल होते, अपघात होतो. अशा वेळी घरातल्या फोनवर दर क्षणाला कोणती ना कोणती बातमी येऊन आदळते. कोणीतरी मृतांचा आकडा सांगतो, कोणीतरी दोषी ठरवतो, कोणीतरी हदीसच्या नावाने एखादे वाक्य पाठवतो. ते पुढे ढकलण्यापूर्वी एवढे विचारा : हे कोणी पाहिले? त्याने कोणाला सांगितले? तो विश्वासू आहे काय? आणि जे खरे आहे पण आपल्या मनाला बोचणारे आहे, ते दडवण्याचा मोह झाला, तर त्या पित्याची आठवण करा, ज्याने मुलींच्या कबरींवरून परत येऊन दुर्बल कथनाला दुर्बल आणि चाळीसच्या आकड्याला चाळीसच लिहिले.

अल्लाह हाफिज इब्ने हजर (रह.) यांच्यावर, त्यांच्या मुलींवर आणि साथीत दगावलेल्या सर्व श्रद्धावंतांवर कृपा करो, आणि आपणा सर्वांना सत्य तपासण्याची, सत्य सांगण्याची व सत्य ऐकून घेण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.